सिकलसेलच्या संशोधनाला उंदरांचे साहाय्य

छत्तीसगडची राजधानी रायपूर येथे एकाच रक्तविकारासाठी वाहिलेली शासकीय संस्था आहे. तिचे नाव सिकलसेल संस्थान. छत्तीसगडप्रमाणेच शेजारच्या विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर आदी जिल्ह्यांतही हा आनुवंशिक आजार आढळतो. बीटा-ग्लोबिन जनुकातील एका अक्षराच्या बदलामुळे हिमोग्लोबिन सदोष बनते. परिणामी ऑक्सिजन कमी होताच तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात व रुग्णाला तीव्र वेदना होतात.

उंदरांना हा आजार निसर्गतः होत नाही. त्यामुळे नव्या उपचारांची प्राथमिक चाचणी कोणावर घ्यावी, हा शास्त्रज्ञांपुढील प्रश्न होता. त्याचे उत्तर भ्रूणीय मूलपेशींच्या तंत्राने दिले.

1981 मध्ये केंब्रिज येथे मार्टिन इव्हान्स व मॅथ्यू कॉफमन यांनी उंदराच्या भ्रूणातून मूलपेशी वेगळ्या करून वाढविल्या. ऑलिव्हर स्मिथीज यांनी 1985 मध्ये मानवी पेशींतील नेमक्या बीटा-ग्लोबिन जनुकाच्या जागीच नवा डीएनए बसवून दाखविला. मारिओ कापेची यांनीही स्वतंत्रपणे अशी पद्धत विकसित केली. या कार्याबद्दल इव्हान्स, स्मिथीज व कापेची यांना 2007 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

या तंत्रात प्रथम मूलपेशीतील ठरावीक जनुक बदलले जाते. बदल झालेल्या पेशी निवडून दुसऱ्या उंदराच्या काही दिवसांच्या भ्रूणात सोडतात व ते भ्रूण मादीच्या गर्भाशयात वाढवितात. जन्मलेल्या पिल्लाचे शरीर दोन्ही प्रकारच्या पेशींचे असते. त्याच्या बीजपेशींत बदल उतरला असल्यास तो पुढील पिढीत जातो.

1997 मध्ये अमेरिकेतील दोन संशोधक गटांनी या तंत्राने उंदरांची स्वतःची ग्लोबिन जनुके निकामी केली आणि संकराद्वारे त्यांच्या जागी सिकलसेलची मानवी जनुके आणली. अशा उंदरांत विळ्याच्या आकाराच्या पेशी व रक्तक्षय ही लक्षणे दिसून आली. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सिकलसेलग्रस्त उंदरांच्या रक्त-मूलपेशींतील सदोष अक्षर बदलून त्या पेशींचे उंदरांत प्रत्यारोपण करण्यात आले, तेव्हा आजाराची लक्षणे कमी झाली.

अर्थात, उंदरातील यश म्हणजे रुग्णाची मुक्तता नव्हे. जनुक-संपादनावर आधारित 'कॅसजेव्ही' या उपचाराला डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मात्र तेथे त्याची किंमत सुमारे 22 लाख डॉलर ठरविण्यात आली. बस्तरमधील कुटुंबाच्या आवाक्यातील ही रक्कम नव्हे.

म्हणूनच रक्ततपासणीचे महत्त्व कायम आहे. आई व वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. जुलै 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने 2047 पर्यंत सिकलसेल निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले असून, 7 कोटी लोकांची तपासणी हा त्याचा पाया आहे.