आधी सुभेदाराचा वाटा, मग साखर



मागचे दोन भाग बागेवर आणि गुडघेदुखीवर झाले. आजचा भाग आमच्या घरातल्या सुभेदारावर आहे. सुभेदार म्हणजे आमचा कुत्रा. जात देशी, वजन 20 किलो, वय सहा वर्षं. मी कर्नल म्हणून निवृत्त झालो, पण घरात हुकूम त्याचाच चालतो, असं आमच्या सौ. म्हणतात.

आम्ही तंजावरचे मराठी. व्यंकोजीराजांच्या मागोमाग जी घराणी इथे आली, त्यांतलं आमचं एक. माझी मराठी थोडी बेळगावला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात घासूनपुसून निघाली, म्हणून तुम्हाला समजते तरी! तर या तंजावरात मे महिन्यात ‘अग्नि नक्षत्र’ लागतं. सुमारे 4 मे ते 28 मे. पारा चाळिशीकडे जातो, कावेरीच्या वाळवंटात पाय ठेववत नाही. माणूस नीर मोर पितो, पानकम् पितो, ताडगोळे खातो. कुत्र्याने काय करायचं?

आधी त्याचं शरीर समजून घ्या. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस असतं, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त. आपल्यासारखा अंगभर घाम त्याला येत नाही. थोडासा पंजांच्या तळव्यांना येतो, तेवढाच. जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा कूलर. म्हणून सावली आणि भरपूर पाणी पहिलं. थंड खाऊ हा वरचा लाड आहे.

तो करायला अगदी सोपा आहे.

पहिला प्रकार, कलिंगडाचा. दोन वाट्या कलिंगडाच्या फोडी घ्या. बिया आणि साल पूर्ण काढा. अर्धी वाटी गोडसर, ताजं, साधं दही घालून मिक्सरमधून फिरवा. बर्फाच्या साच्यात ओता आणि चार-पाच तास फ्रीजरमध्ये ठेवा.

दुसरा, केळ्याचा. आमच्या कावेरीकाठी केळ्यांना तोटा नाही. अर्धं पिकलेलं केळं एक वाटी दह्यात कुस्करायचं आणि साच्यात भरायचं.

तिसरा, पपईचा. साल-बिया काढलेल्या पपईचा गर थोड्या पाण्यात सैल करून गोठवायचा. आंबा द्यायचा तर साल काढून दोन लहान फोडी, बस. कोय कधीही टाकू नका. ती घशात किंवा आतड्यात अडकली तर ऑपरेशनची वेळ येते.

आता वाटून खायचं कसं? मिश्रण तयार झालं की सुभेदाराचा वाटा आधी साच्यात काढायचा. मग उरलेल्यात आपली साखर, गूळ, मीठ, लिंबू, वेलदोडा, जे हवं ते घाला. भांडं एक, फळ एक, पण त्याचा वाटा साखरेच्या आधी. एवढं पाळलं तर निम्मी काळजी मिटते. नीर मोरात हिरवी मिरची आणि मीठ असतं, पानकमात गूळ आणि सुंठ. ते आपल्यासाठी.

प्रमाण किती? लाडाचा खाऊ दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत. 20 किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण 900 ते 1000 कॅलरी लागतात, म्हणजे खाऊ 90 च्या आत. 100 ग्रॅम कलिंगडात सुमारे 30 कॅलरी, मध्यम केळ्यात 100 च्या आसपास. त्यामुळे कलिंगडाचे दोन खडे चालतील, आख्खं केळं नको. पहिल्यांदा देताना अर्धाच खडा द्या आणि दुसऱ्या दिवशी शी पाहा. दही पचत नसेल तर नुसतं फळ. कुत्र्याला मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता मुख्य गोष्ट. हा भाग मी करतोय तो तिच्यामुळे.

गेल्या मे महिन्यात नात आली होती. आठ वर्षांची. मी तिला साचे भरायला शिकवलं, शाबासकी दिली आणि दुपारी झोपलो. तिने स्वतःच्या मनाने नवा प्रकार केला. कंबमकडची पन्नीर द्राक्षं बाजारातून आणलेली होती, ती तिने गोठवली आणि सुभेदाराला एकेक करून दहा-बारा खाऊ घातली. मी उठलो तेव्हा ती आनंदाने सांगायला आली, “आजोबा, त्याला फार आवडली!”

चूक तिची नव्हती. काय द्यायचं ते मी शिकवलं, काय द्यायचं नाही ते सांगितलंच नाही.

द्राक्षं आणि मनुका कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. एखाद्याला काही होत नाही, एखाद्याला थोड्यांनीही होतं. म्हणून सुरक्षित प्रमाण असं काही नाही. 2021 पासून संशोधकांचा रोख द्राक्षांतल्या टार्टारिक आम्लावर आहे. तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं. तेव्हा सांबार-भात आणि पुळियोदरैसुद्धा कुत्र्याच्या ताटात नको.

आम्ही तासाभरात दवाखाना गाठला. डॉक्टरांनी इंजेक्शनने उलटी काढली, सलाइन लावलं, तीन दिवस रक्त तपासलं. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, त्याने नवा धोका होतो. सुभेदार वाचला. नात मात्र तिन्ही रात्री त्याच्या चटईशेजारी झोपली, आणि मला तिच्या नजरेला नजर देता येईना.

फौजेत श्वानपथकाचा साधा नियम असतो: हँडलरशिवाय कुत्र्याला कोणी खाऊ घालायचं नाही. काश्मीरमध्ये मी तो रोज पाहिला आणि घरी येऊन विसरलो. आता आमच्या फ्रिजवर नातीच्या अक्षरात यादी आहे. द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा, लसूण, चिंच, अ‍ॅव्होकाडो आणि झायलिटॉल असलेलं ‘शुगर-फ्री’ काहीही: बंद. खिरीत आणि केसरीत मनुका असतात, हेही तिने खाली लिहिलंय. आणि खाऊ देणारा माणूस एकच.

शेवटची सूचना. थंड खाऊ हा उष्माघातावर इलाज नाही. कुत्रा जोरात धापतोय, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसतात, चाल डगमगते, असं दिसलं तर तोंडात बर्फ कोंबू नका. सावलीत घ्या, अंगावर गार पाणी ओता, पंखा लावा आणि मग लगेच दवाखाना. आधी गार करायचं, मग न्यायचं. फिरायला नेताना रस्त्यावर तळहात सात सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला टेकवत नसेल तर त्यालाही टेकवणार नाही.

आमच्या सरफोजीराजांच्या धन्वंतरी महालात माणसांबरोबर जनावरांच्या औषधांवरही काम चालायचं. आपल्याला तेवढं मोठं काही करायचं नाही. एक साचा, एक यादी, आणि घरातल्या लहानांना दोन्ही बाजू सांगणं, एवढंच. या वर्षी नात पुन्हा आली आहे. काल कलिंगडाचे साचे तिनेच भरले. साखरेचा डबा उघडायच्या आधी मला विचारलं, “आजोबा, सुभेदाराचं काढलं ना?”

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.