परवडणाऱ्या घराचा हिशोब

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

मुंबईतला नोकरदार माणूस घराविषयी बोलू लागला की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात ‘परवडणं’ हा शब्द येतोच. दादर-परळ परवडत नाही म्हणून बोरिवली, बोरिवली परवडत नाही म्हणून नालासोपारा-विरार, आणि आता विरारही हाताबाहेर गेलं म्हणून पालघर-बोईसर. पश्चिम रेल्वेच्या स्टेशनांची यादी उत्तरेकडे वाचत गेलं, तर घरांच्या किमतींची उतरंडच समोर येते. पण ‘परवडतं’ म्हणजे नेमकं काय, याचा विचार आपण क्वचितच करतो. बिल्डरला द्यायची रक्कम आणि बँकेचा हप्ता एवढ्यावर आपला हिशोब संपतो. खरं तर तो तिथे सुरू व्हायला हवा.

महाग गाव सोडून स्वस्त गावात जाणं ही काही फक्त मुंबईकरांची गोष्ट नाही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वतात अ‍ॅस्पेन नावाचं गाव आहे. एकेकाळी ते चांदीच्या खाणींचं गाव होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर बर्फावरच्या खेळांमुळे तिथे धनिकांची रीघ लागली. चारी बाजूंनी डोंगर, त्यामुळे नवी जागा नाही. घरांच्या किमती इतक्या वाढल्या की हॉटेलात काम करणारे, बस चालवणारे, शाळेत शिकवणारे लोक खोऱ्यातून खाली सरकत गेले. काही जण थेट रायफल या गावापर्यंत गेले. रायफल ते अ‍ॅस्पेन हे अंतर सुमारे ११० किलोमीटर आहे. चर्चगेट ते बोईसर साधारण १०३. तिथे डोंगर आड येतो, इथे समुद्र. जमीन वाढत नाही आणि पैसेवाले वाढत जातात, तेव्हा त्या गावाचं रोजचं काम करणारा माणूसच आधी बाहेर पडतो.

मुंबईत हे किती मोठ्या प्रमाणावर झालं, ते जनगणनेत दिसतं. मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या मुंबईची लोकसंख्या २००१ साली ३३ लाख ३८ हजार होती. २०११ साली ती ३० लाख ८५ हजार झाली. दहा वर्षांत अडीच लाख माणसं कमी! त्याच २०११ साली वसई-विरार महापालिकेच्या हद्दीत १२ लाखांहून अधिक लोक राहत होते. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावातली कुटुंबं हळूहळू विस्कटली. कुणी मुलीच्या लग्नासाठी खोली विकली, कुणी भावाभावांच्या वाटणीत विकली, कुणाला दहा बाय बाराच्या खोलीत सून आणायची नव्हती. आलेल्या पैशात विरारला दोन खोल्या, स्वतंत्र संडास आणि गॅलरी मिळत होती. या माणसांना कुणी हाकललं असं म्हणता येत नाही, आणि ती आनंदाने गेली असंही म्हणवत नाही.

मग हा लोंढा इतकी वर्षं विरारलाच का थांबला? याचं उत्तर विजेच्या तारेत आहे. विरारपर्यंत विजेवरची गाडी १९३६ साली पोचली. चर्चगेट-विरार मार्गावर १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह होता, तर विरारच्या पुढे २५ हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह. त्यामुळे जुनी लोकल विरारच्या पुढे धावूच शकत नव्हती. पुढच्या लोकांना शटल, पॅसेंजर आणि लांब पल्ल्याच्या गाड्या यांवर दिवस काढावे लागत. २०१२ साली चर्चगेट-विरार मार्गाचं प्रवाह-रूपांतर पूर्ण झालं आणि १६ एप्रिल २०१३ रोजी डहाणू रोडपर्यंत लोकल सुरू झाली. पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट २०१४ रोजी, ठाण्याचं विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर ही नावं मग घरांच्या जाहिरातींत दिसू लागली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. दूरची जागा स्वस्त असते, कारण तिथे पोचायला वेळ लागतो. किमतीतली सूट ही त्या वेळेची भरपाई असते. गाडी आली, वेळ कमी झाला, की सूटही आटू लागते. म्हणजे स्वस्त घराच्या मागे धावणारा माणूस जिथे पोचतो, तिथली स्वस्ताई काही वर्षांत आणखी पुढे सरकलेली असते.

आता वेळेचा हिशोब मांडू. बोईसरहून चर्चगेटला लोकलने सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. घर ते स्टेशन, गाडीची वाट आणि उतरल्यावरचं चालणं धरलं, तर एका बाजूचे तीन तास होतात. जाऊन-येऊन सहा. वर्षाचे कामाचे ३०० दिवस धरले, तर १८०० तास, म्हणजे रात्रंदिवस मोजले तर ७५ दिवस. गृहकर्ज वीस वर्षांचं असेल, तर ते फिटेपर्यंत चार वर्षांहून जास्त काळ माणसाने गाडीत आणि फलाटावर घालवलेला असतो. हे गृहकर्जावरचं दुसरं व्याजच आहे, आणि ते बँकेच्या कागदावर कुठेही नसतं. घरातली बाई नोकरी करणारी असेल, तर तिचा हिशोब याहून कडक. सहा तास प्रवासाचे, आठ-नऊ कामाचे, त्याआधी आणि नंतर स्वयंपाकघर. अशा घरांत दोन-चार वर्षांनी नोकरी कोण सोडतं, हे सांगायला नको. मग दोन पगारांवर घेतलेलं घर एका पगारावर फेडायची वेळ येते.

त्यातच विरार ते डहाणू हा पट्टा दोनच रुळांचा. त्याच रुळांवरून मालगाड्या, गुजरातकडे जाणाऱ्या गाड्या आणि लोकल जाणार. म्हणून लोकलच्या फेऱ्या मनासारख्या वाढवता येत नाहीत. एक गाडी चुकली तर पुढचीसाठी बराच वेळ उभं राहावं लागतं. या ६४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाला २०१६ साली मंजुरी मिळाली आणि त्याचं काम हाती घेण्यात आलं. घर घेताना ‘चार रूळ झाले की सोपं होईल’ हे गृहीत धरणं बरोबर आहे, पण तोवरची वर्षंही आपल्याच आयुष्यातली असतात.

एवढं ऐकून वाटेल, की बोईसरला जाऊच नये. तसं नाही. विरार आणि बोईसर यांत एक मोठा फरक आहे. बोईसरला स्वतःचं काम आहे. तारापूरचं अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून वीज देऊ लागलं. त्यानंतर बोईसरलगत औद्योगिक वसाहत उभी राहिली. तिचं नाव तारापूर, पण स्टेशन बोईसर. मूळ तारापूर गाव तिकडे किल्ल्यापाशी, खाडीच्या काठी. औषधं, रसायनं, कापड, पोलाद असे शेकडो कारखाने इथे आहेत. म्हणून मुंबईहून बोईसरला येणाऱ्यांचे दोन गट पडतात. एकाने फक्त घर हलवलं, काम मुंबईतच ठेवलं. दुसऱ्याने घराबरोबर कामही हलवलं. कुणी कारखान्यात लागला, कुणी दुकान टाकलं, कुणी शिकवण्या सुरू केल्या. दुसऱ्या गटाचा पगार कदाचित कमी असेल, पण त्याला खरोखर स्वस्त गाव मिळालं. पहिल्याला मिळालं ते स्वस्त घर आणि महाग दिवस.

या गावात माणसं येतात ती केवळ मुंबईकडूनच नाही. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातून आदिवासी कुटुंबं दिवाळीनंतर कामासाठी खाली उतरतात. कुणी वीटभट्टीवर, कुणी बांधकामावर, कुणी कारखान्यात. डोंगर त्यांनी महागला म्हणून सोडला नाही, तिथे पावसाळ्यानंतर काम नाही म्हणून सोडला. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचे कामगारही आहेत. हे सगळे सरावली, पास्थळ, सालवड अशा आसपासच्या गावांत भाड्याच्या खोल्या शोधतात. अणुऊर्जा केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी शाळा आणि दवाखान्यासह वसाहत बांधली. कारखान्यांच्या कामगारांचं मात्र ज्याचं त्याने पाहायचं. २०११ च्या जनगणनेत ३६ हजार वस्तीचं बोईसर ‘जनगणना शहर’ म्हणून नोंदलं गेलं. वस्ती पाच हजारांवर, दाटी दर चौरस किलोमीटरला किमान चारशे आणि पंच्याहत्तर टक्के कामकरी पुरुष शेतीबाहेर, असं असलं की जनगणना त्या गावाला शहर म्हणते. पण त्यामुळे नगरपालिका येत नाही. वस्ती शहराची आणि गटारं, कचरा, रस्ते मात्र ग्रामपंचायतीच्या तिजोरीतून, हाही स्वस्त घराच्या किमतीतला न दिसणारा भाग.

हवा आणि पाणी हा आणखी एक भाग. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात तारापूर हे देशातल्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत पहिल्या क्रमांकावर होतं. घर पाहायला माणूस रविवारी सकाळी येतो. त्याने एकदा पावसाळ्यात, एकदा रात्री आणि एकदा उन्हाळ्याच्या अखेरीस यावं. नळाला पाणी किती वेळ येतं, हे बिल्डरला नव्हे, शेजारच्या इमारतीतल्या बाईला विचारावं. गुंतागुंतीचं दुखणं आलं, तर रुग्णाला कुठे न्यायचं, वापीला, सिल्वासाला की मुंबईला, आणि रात्री दोन वाजता कशाने, हेही आधी ठरवावं.

तिसरी बाब कागदांची. १ मे २०१७ पासून रेरा कायदा लागू आहे. पाचशे चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावरचा आणि आठांहून अधिक घरांचा नवा प्रकल्प महारेराकडे नोंदलेला असलाच पाहिजे. नोंदणी क्रमांक मागावा आणि स्वतः तपासावा. पालघर जिल्ह्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. २०११ च्या जनगणनेनुसार इथली सुमारे ३७ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ नुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे परवानगीशिवाय जात नाही. अशा जमिनीवर स्वस्तात खोली विकणारा माणूस विकत असतो ती दुसऱ्याची जमीन. तिथे खरेदीदाराचे पैसे बुडतात आणि मूळ मालकाची जमीन अडकते. सातबारा, बिगरशेती आदेश आणि बांधकाम परवानगी वकिलाला दाखवल्याशिवाय टोकन देऊ नये. ‘ग्रामपंचायतीची घरपट्टी आहे’ हा मालकीचा पुरावा नव्हे.

आणि आधीपासून इथे राहणाऱ्यांचं काय? वाडवळ, मांगेला, भंडारी, वारली यांच्या गावांत जमिनीचे भाव वाढले, की विकणाऱ्याला एकदाच पैसा मिळतो. त्याच्या मुलाला पुढे त्याच गावात घर घ्यायचं, तर नव्या भावाने घ्यावं लागतं. पाण्याचंही तसंच. सूर्या प्रकल्पाचं पाणी इथल्या शेतीसाठी होतं; त्यातलं रोज ४०३ दशलक्ष लिटर वसई-विरार आणि मीरा-भाईंदरला देण्याची योजना झाली. मुंबईतून सरकलेल्या माणसांमागे पाणीही सरकतं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली, बुलेट ट्रेनचं एक स्टेशन बोईसरजवळ ठरलं आहे. आज मुंबईकर ज्या कारणाने मुंबई सोडतो, त्याच कारणाने उद्या बोईसरचा तरुण बोईसर सोडेल, ही शक्यता आता दूरची राहिलेली नाही.

अ‍ॅस्पेनने यावर एक उपाय केला. तिथल्या स्थानिक सरकारने तीन हजारांच्या आसपास घरं अशी राखली, की ती त्या परिसरात काम करणाऱ्यालाच घेता येतात आणि विकतानाही भाव बांधलेला असतो. प्रश्न पूर्ण सुटला नाही, पण शिक्षक आणि बसचालक काही प्रमाणात गावात राहिले. आपल्याकडे पालघरजवळ सिडकोने २०२१ मध्ये जिल्हा मुख्यालयाची इमारत उभी केली आणि त्याभोवती नवं नगर वसवायचं ठरलं. त्या नगरात इथेच काम करणाऱ्यांसाठी किती घरं राखली जातील, हे विचारायची वेळ आता आहे. इमारती उभ्या राहिल्यावर विचारून उपयोग नाही.

घर घेणाऱ्याने मात्र एवढं करावं. कागदावर एका बाजूला हप्ता लिहावा. दुसऱ्या बाजूला पास, रिक्षा, पाण्याचा टँकर, दवाखान्याची वाट आणि रोजचे तास लिहावेत. खाली एक ओळ सोडावी आणि तिथे लिहावं, ‘पाच वर्षांत मला इथे काम मिळेल का?’ उत्तर हो असेल, तर पालघर-बोईसर हा चांगला सौदा आहे. नाही असेल, तर विरारच्या अलीकडची, भाड्याची का होईना, एक खोली कमी असलेली जागा कदाचित जास्त परवडेल.