हिशेब नसलेले पांच रुपये

घरांतील भांडणें पैशावरून होतात, असें आपण म्हणतों. परंतु थोडें शांतपणें पाहिलें तर भांडण पैशाचें क्वचितच असतें. पैसा हें केवळ निमित्त. ज्या गोष्टी आपण एकमेकांस तोंडानें बोलून दाखवीत नाहीं, त्या जमाखर्चाच्या वहींत येऊन बसतात, आणि महिनाअखेरीस बेरीज जुळेनाशी झाली म्हणजे एकदम बोलूं लागतात. एवढें शहाणपण मला पुस्तकांतून मिळालें असतें तर बरें झालें असतें. तें मिळालें माझ्या स्वतःच्या चुकीमुळें. आणि ती चूक एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या पुष्कळ वाचकांच्या घरींहि होत असेल, म्हणून येथें प्रांजळपणें सांगतों.

आमचें कुटुंब पुण्यांत एकत्र राहणारें. आई, आम्ही दोघे भाऊ, दोघांच्या बायका व तीन मुलें, असा आठ माणसांचा संसार. वडिलांच्या पश्चात् घरखर्चाचा हिशेब ठेवण्याचें काम माझ्याकडे आलें व मीं तें मोठ्या अभिमानानें पत्करलें. मोबाइलवरील तक्त्यांत दूध, वाणी, भाजी, औषधें, वीज अशीं सदरें पाडावयाचीं आणि प्रत्येक खर्च त्याच दिवशीं नोंदवावयाचा, असा माझा शिरस्ता. २०१६ सालीं यूपीआयची सोय झाली, तेव्हांपासून भाजीवाल्यास दिलेल्या वीस रुपयांचीहि नोंद मागें राहूं लागली. एक पैसासुद्धां माझ्या नजरेंतून सुटत नाहीं, याचें मला कौतुक वाटे.

माझी धाकटी भावजय एका शाळेंत शिक्षिका होती. दोन वर्षांपूर्वीं आई पडली व तिच्या खुब्याचें हाड मोडलें. घरांत सतत कोणी तरी असावयास हवें, म्हणून भावजयीनें नोकरी सोडली. सोडण्याचें ठरलें तें सर्वांच्या संमतीनें. परंतु सोडली ती तिनें एकटीनें. घरखर्चाच्या समाईक खात्यांतून लागेल तो खर्च करण्याची मुभा तिला होती, आणि तेवढ्यानें सर्व व्यवस्था झाली असें आम्ही समजून चाललों.

एके महिनाअखेरीस तिच्या हातून खर्च झालेल्या तीनशें रुपयांपुढें तक्त्यांत कांहींच लिहिलेलें नव्हतें. रात्रीं जेवतांना मीं सर्वांदेखत सहज विचारलें, “हे तीनशें रुपये कशाचे?” ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “दादा, उद्यां लिहून ठेवतें.” दुसऱ्या दिवशीं त्या जागीं एकच शब्द दिसला, ‘किरकोळ’. त्यानंतर तीन आठवडे तिनें त्या खात्यांतून एक रुपयाहि काढला नाहीं. भर उन्हांत रिक्षा टाळून ती चालत जाऊं लागली. आईचीं औषधें आणावयाचीं तर तें काम माझ्या पत्नीस सांगूं लागली. कोणी कोणाशीं भांडलें नाहीं. पण स्वयंपाकघरांतील बोलणें कमी झालें.

अखेर पत्नीनेंच एके रात्रीं विषय काढला. “तुम्ही तिला रुपयांबद्दल विचारलें, असें तुम्हांला वाटतें. तिला मात्र ऐकूं आलें तें असें, कीं आतां तूं मिळवीत नाहींस.”

“मी तर सर्वांनाच विचारतों!” मीं उत्तर दिलें.

“मला आजवर कधीं विचारलें नाहीं,” ती म्हणाली.

तें खरें होतें. तिचा पगार दरमहा येत होता.

या संभाषणानें मी वरमलों खरा, परंतु करावयाचें काय, तें सुचेना. तें सुचलें दिवाळीपूर्वीं माळा आवरतांना. एका पेटींत आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या सांपडल्या; १९४७ पासून पुढें जवळजवळ वीस वर्षांच्या. रुपये, आणे, पै असे तीन रकाने. बारा पैंचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं सुरू होऊन रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, तेव्हां आजोबांनीं अर्धें पान कोरें सोडून नवे रकाने आंखले आहेत. आण्याचे सव्वासहा पैसे होत असल्यामुळें जुन्या शिलकेचें रूपांतर करतांना त्यांनीं केलेली आंकडेमोड समासांत अजून दिसते. इतका काटेकोर मनुष्य! भाजीच्या अडीच आण्यांपुढेंहि कोणती भाजी, तें लिहिलेलें. एकाच नोंदीपुढें मात्र तपशील कधींच नाहीं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस, न चुकतां: ‘आक्कास हातखर्च ५–०–०.’

आक्का म्हणजे आजोबांची थोरली बहीण. ऐन विशींत वैधव्य आलें आणि त्या माहेरीं परत आल्या, त्या कायमच्याच. त्या काळीं अशा स्त्रीच्या हातीं स्वतःचें म्हणून फारसें कांहीं नसे. १९३७ च्या कायद्यानें हिंदु विधवेस नवऱ्याच्या मिळकतींत वांटा मिळाला, परंतु तो तिच्या हयातीपुरता. पूर्ण मालकीचा हक्क आला तो १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें. आक्कांचें वैधव्य १९३७ च्याहि आधींचें, त्यामुळें पहिल्या कायद्याचा लाभ त्यांच्या वांट्यास आलाच नाहीं. भावाच्या घरीं दोन वेळचें जेवण आणि वर्षाचीं लुगडीं मिळत. परंतु देवापुढें एक पैसा ठेवावयाचा म्हटला तरी तो कोणाकडे तरी मागावा लागे.

पहिली नोंद १९४७ च्या जूनमधील आहे. तिच्याखालीं आजोबांच्या बारीक अक्षरांत एक ओळ आहे: ‘याचा हिशेब विचारूं नये.’ ती वही लिहीत तेच व वाचीत तेच. तेव्हां ही सूचना दुसऱ्या कोणास नव्हती. ती त्यांनीं स्वतःलाच केलेली होती.

पुढची हकीकत आईकडून कळली. आक्का त्या पांचांतले दोन रुपये दरमहा पोस्टांत टाकीत. पोस्टाची बचत बँक आपल्याकडे १८८२ पासून आहे, आणि अशा लहान रकमांना ती मोठा आधार होती. १९६४ च्या जूनमध्यें माझ्या वडिलांस इंजिनियरिंग कॉलेजांत प्रवेश मिळाला. फी आणि खाणावळ यांची जुळवाजुळव होईना. तेव्हां आक्कांनीं पासबुक आणून भावापुढें ठेवलें. सतरा वर्षांचें मुद्दलच ४०८ रुपये, आणि वर व्याज.

बचतीच्या वाढीचा एक सोपा आडाखा आहे. ७२ ला व्याजाच्या दरानें भागलें म्हणजे चक्रवाढीनें रक्कम दुप्पट होण्यास सुमारें किती वर्षें लागतील, तें कळतें. दर शेंकडा सहा असेल तर बारा वर्षें, आठ असेल तर नऊ. या गणितांत मूळ रक्कम किती, हा प्रश्नच येत नाहीं. दोन रुपयांस जो नियम, तोच दोन लाखांस. लागतें तें सातत्य, आणि मध्येंच कोणी हात न घालणें. माणसांमधील विश्वासहि मला असाच वाढणारा वाटतो.

परंतु ही गोष्ट ऐकून ‘पाहा, पैसे कसे सत्कारणीं लागले!’ असें कोणी म्हणेल, तर तिचें मर्म त्याच्या हातून निसटलें असें समजावें. उरलेल्या तीन रुपयांचें आक्का काय करीत, हें आमच्या घरांत कोणासहि ठाऊक नाहीं. त्यांनीं पांचहि रुपये नाटकाच्या तिकिटांत घालविले असते, तरी आजोबांची ती ओळ तितकीच योग्य ठरली असती.

मनुष्य पैशाला मनांतल्या मनांत निरनिराळ्या खात्यांत घालतो, असा विचार रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञानें मांडला. २०१७ सालीं त्याला अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. शंभराची नोट बाजारांत शंभराचीच. परंतु पगाराची नोट, ओवाळणींत मिळालेली नोट आणि मागून घेतलेली नोट या मनाला सारख्या नसतात. मागून घेतलेली नोट खर्च करतांना हात आंखडतो, आणि उत्तर काय द्यावयाचें याची जुळणी आधींच मनांत चालू होते. आजोबांनीं थेलर वाचला नव्हता. पण बहिणीचा आंखडलेला हात त्यांनीं पाहिला होता.

मीं भावजयीची क्षमा मागितली. ती म्हणाली, “दादा, प्रश्न वाईट नव्हता. पण उत्तर देतांना मला एकदम लहान झाल्यासारखें वाटलें.” त्यानंतर आम्ही सर्व मोठीं माणसें बसलों आणि तीन गोष्टी ठरविल्या.

पहिली: समाईक खर्चाचा हिशेब पूर्वीप्रमाणेंच चोख राहील, परंतु तो सर्वांस पाहतां येईल, आणि प्रश्न विचारावयाचा तो सदराबद्दल, माणसाबद्दल नव्हे. त्यासाठीं महिन्यांतून एक संध्याकाळ नेमलेली आहे. जेवणाच्या पानावर पैशाचा विषय निघत नाहीं. दुसरी: पहिल्या तारखेस प्रत्येक मोठ्या माणसाच्या खात्यांत सारखा हातखर्च जमा होतो, मिळवत्यास जेवढा, तेवढाच न मिळवत्यास, व तेवढाच आईस. त्याचा हिशेब कोणी विचारीत नाहीं. तिसरी गोष्ट आम्हांला आधींच सुचावयास हवी होती. नोकरीबरोबर भावजयीची म्हातारपणची पुंजीहि थांबली होती, इकडे कोणाचें लक्षच गेलें नव्हतें. आतां समाईक खात्यांतून कांहीं रक्कम दरमहा तिच्या नांवें सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधींत भरली जाते. १९६८ सालीं सुरू झालेल्या या योजनेची मुदत पंधरा वर्षांची आहे. तेव्हां लौकर आरंभ करणें हेंच शहाणपणाचें.

यांत त्याग किंवा औदार्य कांहीं नाहीं. आईची शुश्रूषा करणारें माणूस बाहेरून ठेवलें असतें तर त्याला वेतन दिलेंच असतें, आणि तें वेतन त्यानें कशावर खर्च केलें, हें विचारण्याचें धाडस आपल्यापैकीं कोणी केलें नसतें. घरच्या माणसाच्या वांट्यास निदान तेवढा मान तरी यावा.

आईला हातखर्च मिळूं लागल्यास आतां वर्ष होत आलें. पहिल्या महिन्यांत तिनें नातवंडांस आइस्क्रीम आणविलें, आणि पैसे तिनें दिले असें शेजारीं दोनदां सांगितलें. भावजय पुन्हां रिक्षानें जाऊं लागली आहे; आणि तक्त्यांत कांहीं लिहावयाचें राहिलें, तर आतां हंसत सांगते. ते तीनशें रुपये कशाचे होते, हें मात्र मला आजतागायत ठाऊक नाहीं. मीं विचारलेलें नाहीं, आणि विचारणारहि नाहीं.