दसऱ्याची सुई, दत्तजयंतीचा बाजार

मार्गशीर्ष पौर्णिमेला खान्देशातल्या सारंगखेड्यात तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा बाजारही. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश अशा दूरदूरच्या प्रांतांतून जनावरे येतात, दिवसेंदिवस एकमेकांना खेटून बांधलेली राहतात आणि विकली गेली की नव्या मालकाच्या गावी जातात. बाजारातून आणलेली घोडी पुढच्या मुहूर्तावर वरातीत नाचते, तिथून दुसऱ्या गावी जाते, आणि तिच्यासोबत रोगही जाऊ शकतो. लस टोचून घ्यावी एवढे आता बहुतेक घोडेमालकांना पटलेले आहे. मात्र ‘लस दिली आहे का’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘कधी दिली, आणि बाजाराच्या किती दिवस आधी’ हे विचारले पाहिजे. घोड्याच्या लसीची तारीख जखम, खोकला किंवा डॉक्टरांची फेरी पाहून ठरू नये. ती घोड्याच्या प्रवासाच्या दिनदर्शिकेवरून ठरावी.

धनुर्वातापासून सुरुवात करू, कारण पाळीव जनावरांत या रोगाला घोड्याइतके हळवे दुसरे नाही. त्याचे जंतू मातीत आणि घोड्याच्याच लिदीत बीजाणूंच्या रूपात वर्षानुवर्षे तग धरतात. नालबंदाच्या हातून थोडा आडवा गेलेला खिळा, खोगिराने पडलेले घट्टे, कुंपणाच्या तारेचा ओरखडा किंवा शिंगराची ओली नाळ, एवढी वाट त्यांना पुरते. जखम वरून मिटली की आत हवा पोहोचत नाही, आणि हवा नसलेली जागाच या जंतूंना मानवते. त्यांचे विष मज्जातंतूंत शिरते. मग कान ताठ होतात, शेपूट उचललेली राहते, डोळ्याच्या कोपऱ्यातला पडदा बुबुळावर सरकतो आणि जबडा आवळतो. अशा अवस्थेतून निम्मीही जनावरे सहसा वाचत नाहीत.

‘जखम झाली की सुई देऊच की,’ हा इथला नेहमीचा आक्षेप. तो निराधार नाही, पण त्यात दोन वेगळ्या सुयांची गल्लत होते. एका सुईत तयार प्रतिविष असते. ते लगेच कामाला लागते आणि दोन-तीन आठवड्यांत संपते. मज्जातंतूंना आधीच चिकटलेले विष मात्र त्याला काढता येत नाही. दुसरी सुई टॉक्सॉइडची, म्हणजे निरुपद्रवी केलेल्या विषाची. ती शरीराला स्वतःची प्रतिपिंडे बनवायला शिकवते, मात्र त्याला आठवडे लागतात. माणसाला जखमेनंतर टोचलेली ‘टीटी’ लवकर लागू पडते, कारण बहुतेकांना लहानपणी त्याच लसीच्या मात्रा मिळालेल्या असतात आणि शरीर जुना धडा पटकन आठवते. कधीच लस न घेतलेल्या घोड्याकडे आठवायला काही नसते. शिवाय खुराच्या आतली जखम मालकाच्या नजरेला पडतेच असे नाही. म्हणून चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा आणि मग दरवर्षी एक, हा क्रम जखमेच्या आधीच पुरा झालेला हवा.

पुन्हापुन्हा टोचण्याने काय साधते, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे घोडे पिंपरीच्या तबेल्यात पाळले जातात. त्यांना सापाचे विष अगदी थोड्या, हळूहळू वाढवत नेलेल्या मात्रांत टोचतात, आणि त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे भरपूर साठली की त्यापासून सर्पदंशावरचे प्रतिविष तयार होते. एकाच टोचणीने हे काम होत नाही. खान्देशात कपाशीच्या शेतात साप चावलेल्या माणसाचा जीव ज्या कुपीने वाचतो, ती घोड्याच्या शरीराने टप्प्याटप्प्याने गिरवलेल्या धड्यातून आलेली असते. हाच प्राणी स्वतःच्या बूस्टरवाचून धनुर्वाताने मरावा, ही गोष्ट मनाला लागते.

इन्फ्लुएन्झाचे गणित वेगळे आहे, कारण तो एका घोड्याचा रोग राहत नाही. विषाणू शिरल्यापासून एक ते तीन दिवसांत ताप चढतो आणि कोरड्या खोकल्यासरशी विषाणू शेजारच्या रांगेपर्यंत पोहोचतो. 2008 साली जम्मूतील कटरा येथे वैष्णोदेवीच्या यात्रेकरूंना वाहून नेणाऱ्या घोड्या-खेचरांत ही साथ उसळली आणि पुढे अनेक राज्यांत पसरली. देशात तिच्याआधीची मोठी साथ 1987 ची. मधल्या वीस वर्षांत जन्मलेल्या जनावरांना या विषाणूची ओळखच नव्हती. यात्रा, गर्दी आणि अनोळखी विषाणू हे तिन्ही सारंगखेड्यातही एकत्र येऊ शकतात. कटऱ्याच्याच विषाणूवरून हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने पुढे लस बनवली.

‘लस घेतलेल्या घोड्यांनाही फ्लू होतोच,’ असे कोणी म्हटले तर ते खरेच आहे. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी 2019 मध्ये लसवंत शर्यतीच्या घोड्यांत रोग आढळला आणि शर्यती काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. ऑस्ट्रेलियात 2007 मध्ये विषाणू आला तो परदेशातून आणलेल्या, लस टोचलेल्या घोड्यांबरोबर, आणि तिथल्या लस न घेतलेल्या घोड्यांत वणव्यासारखा पसरला. यातून लस निरुपयोगी ठरत नाही. विषाणू रूप बदलतो आणि प्रतिपिंडे महिन्यांगणिक उतरतात. म्हणून लसीतला विषाणू नवा हवा, मात्रा ताजी हवी, आणि नवे जनावर दोन-तीन आठवडे वेगळे बांधायलाच हवे. खर्चाचा आक्षेपही ऐकू येतो. टोचल्यावर मान थोडी सुजते, एक-दोन दिवस विश्रांती लागते. फ्लू झालेल्या घोड्याला मात्र तापाच्या प्रत्येक दिवसामागे आठवडाभर विश्रांती द्यावी, असा पशुवैद्यकांचा ठोकताळा आहे. ऐन लग्नसराईत तीन-चार आठवडे घोडी दावणीला राहिली, तर त्या घरची चूल कशावर चालणार?

सर्व रोगांना लस आहे असेही नाही. ग्लँडर्सला लस नाही; तिथे रक्ततपासणी हाच उपाय, आणि तो रोग माणसालाही होतो. सर्रालाही लस नाही. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यातून होणाऱ्या रेबीजवर मात्र आहे, आणि घोड्याच्या तोंडात हात घालणाऱ्या मोतद्दाराच्या सुरक्षिततेसाठीही ती घोड्याला दरवर्षी द्यावी. गाभण घोडीला धनुर्वाताची मात्रा विण्याआधी चार ते सहा आठवडे द्यावी, कारण शिंगराला गर्भात प्रतिपिंडे मिळत नाहीत. ती पहिल्या चिकातूनच येतात.

पंचांग इथे सोयीचे आहे. दसऱ्याला घोड्याला झेंडूच्या माळा घालून त्याची पूजा करतात, तेव्हा पहिली मात्रा द्यावी. कार्तिकी पौर्णिमा त्यानंतर सुमारे पाच आठवड्यांनी येते, तेव्हा दुसरी. तिथून दत्तजयंतीपर्यंत महिना उरतो आणि तेवढ्यात प्रतिकारशक्ती पुरेशी वर येते. आधीच्या वर्षांचा क्रम पुरा असलेल्या घोड्याला कार्तिकातली एक मात्रा पुरे. बाजारात गिऱ्हाईक दात मोजते, भोवरे तपासते, रेवाल चाल पाहते. त्याने लसीचे कार्डही मागावे: त्यावर लसीचे नाव, बॅच क्रमांक, पशुवैद्यकाची सही आणि तारीख असावी, आणि तारीख काहीही असली तरी घोडा घरी नेऊन इतरांपासून दूर बांधावा; ती कालपरवाची असेल तर विशेष काळजीने.