पदवी आणि पात्रता

कारखान्यात किंवा प्रयोगशाळेत माणूस नेमावयाचा असला, म्हणजे प्रथम त्याची पदवी विचारली जाते. हे स्वाभाविकच आहे. नेमणूक करणाऱ्यास अर्जदाराची पूर्वीची ओळख नसते. त्याने अमुक एका विषयाचा नेमाने अभ्यास केला व तो परीक्षेस उतरला, अशी साक्ष पदवी देते. परंतु साक्ष म्हणजे ज्ञान नव्हे. मग ज्याच्या अंगी ज्ञान आहे, पण जवळ पदवी नाही, त्याने काय करावे? मायकेल फॅरडेच्या चरित्रात या प्रश्नाचे उत्तर सापडते.

फॅरडेचा जन्म १७९१ साली लंडनजवळ एका लोहाराच्या घरी झाला. घरी गरिबी; त्यामुळे लेखन, वाचन व जुजबी हिशेब एवढ्यावरच त्याची शाळा संपली. वयाच्या चौदाव्या वर्षी तो एका पुस्तकबांधणीच्या दुकानात काम शिकू लागला. बांधणीस आलेली पुस्तके तो नुसती शिवत नसे, ती वाचतही असे. ज्ञानकोशातील विजेवरचा लेख वाचून त्याला त्या विषयाची गोडी लागली आणि फावल्या वेळी तो लहानसहान प्रयोग करू लागला.

१८१२ साली दुकानात येणाऱ्या एका गृहस्थाने त्याला हम्फ्री डेव्ही या नामांकित रसायनशास्त्रज्ञाच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेत झालेली ती चार व्याख्याने फॅरडेने एकाग्रतेने ऐकली. नंतर ती सुवाच्य अक्षरांत लिहून काढली, आकृत्या रेखाटल्या आणि सुमारे ३०० पानांचे ते पुस्तक स्वतः बांधून, नोकरीच्या विनंतीसह डेव्हीकडे पाठविले.

डेव्हीने त्याला भेटीस बोलाविले. पण त्या वेळी जागा रिकामी नव्हती. हातचा धंदा सोडू नये, असाच सल्ला त्याने दिला. पुढे थोड्याच आठवड्यांत प्रयोगशाळेतील साहाय्यकाची जागा रिकामी झाली, तेव्हा डेव्हीला या तरुणाचे स्मरण झाले. मार्च १८१३ मध्ये फॅरडेची नेमणूक झाली. वेतन आठवड्यास २५ शिलिंग आणि राहावयास दोन खोल्या! पुढे १८३१ साली याच फॅरडेने तारेच्या वेटोळ्यात चुंबक हलवून वीज निर्माण करून दाखविली. आजची जनित्रे त्याच तत्त्वावर चालतात.

तथापि, यावरून पदवी निरुपयोगी आहे असे कोणी समजू नये. उच्च गणित फॅरडेस अवगत नव्हते. त्याच्या कल्पनांना गणिताचे रूप दिले ते केंब्रिज विद्यापीठात शिकलेल्या जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने. शिवाय वैद्यकासारख्या व्यवसायात पदवी कायद्यानेच आवश्यक असते. कारण वैद्याच्या ज्ञानाची परीक्षा रोगी कशी घेणार?

फॅरडेजवळ पदवीची साक्ष नव्हती, म्हणून त्याने आपल्या कामाची साक्ष पुढे ठेवली. ती मिळविण्यास विद्यार्थ्याइतकेच, किंबहुना अधिक, श्रम त्यास पडले. स्वतःच्या हाताने बांधलेले ते पुस्तक रॉयल इन्स्टिट्यूशनने आजही जपून ठेवले आहे.