पालक गट म्हणजे नुसतं रडगाणं?

मुलाला स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक दिव्यांगत्व आहे हे कळलं, की पुण्यातले पालक डॉक्टर गाठतात, थेरपिस्ट शोधतात, शाळांचे उंबरे झिजवतात. अशाच मुलांच्या इतर आईवडिलांना भेटा, असं सुचवलं की मात्र उत्तर येतं, ‘आमचंच आम्हाला होईना, आणखी दहा घरांची रडगाणी कुठे ऐकायची?’

गटात रडू येतं, हे खरंच आहे आणि त्यात गैर काही नाही. पण डोळे पुसून झाले की बोलणं भलत्याच गोष्टींवर येतं. मुलगा केस कापू देत नाही, न्हाव्याच्या मशीनचा आवाज ऐकला की किंचाळतो. मग एखादी अनुभवी आई सांगते: भरदुपारी जा, तेव्हा दुकानात गर्दी नसते. पहिल्या खेपेला नुसतं खुर्चीत बसवून परत आणा. अंगावर टाकायला घरचाच टॉवेल न्या. हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं. अमेरिकेतल्या ओमाहा शहरात 1971 मध्ये ‘पायलट पेरेंट्स’ उपक्रम सुरू झाला, त्यात नव्या पालकाला मुरलेल्या पालकाची जोड दिली जाई. तीच पद्धत पुढे तिथल्या अनेक राज्यांत पसरली. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 80 टक्क्यांहून अधिक पालकांनी अशा जोडीचा उपयोग झाल्याचं सांगितलं.

‘हे आयांचं काम’ हा समजही तितकाच पक्का. बाबा गाडी लावून बाहेर फोनवर बोलत थांबतात. पण निर्णय, पैसा आणि रात्रीची जागरणं दोघांच्याही वाट्याला येतात. त्यामुळे त्यांनीही आत येऊन बसावं, असं मला मनापासून वाटतं.

‘पालकांना काय कळतंय, ते थोडेच तज्ज्ञ आहेत?’ हा आणखी एक आक्षेप. स्वमग्नतेचं खापर आईच्या कोरडेपणावर फोडलं जात होतं, त्या काळात, 1962 साली, ब्रिटनमध्ये काही पालकांनी एकत्र येऊन संस्था काढली. त्यांच्यात मानसोपचारतज्ज्ञ लॉर्ना विंग होत्या. त्यांची स्वतःची मुलगी स्वमग्न होती. स्वमग्नतेच्या अनेक छटा असतात ही आजची समजूत रुजवण्यात त्यांच्या संशोधनाचा मोठा वाटा आहे.

तरीही गटातला प्रत्येक सल्ला डोळे झाकून घेऊ नये. ‘आमच्या मुलाला स्टेम सेलने फरक पडला’ असं कुणी सांगितलं की लाखांचं कर्ज काढायला निघणारी घरं आहेत. स्वमग्नतेवर उपचार म्हणून स्टेम सेलची शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने 2022 मध्येच स्पष्ट केलं आहे. केस कापण्याच्या युक्तीला अनुभव पुरेसा आहे. औषधाचा प्रश्न आला की डॉक्टरच. ज्या गटात कुणी पावडर, कोर्स किंवा पॅकेज विकत असेल, तिथून उठून यावं.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज असा की मूल मोठं झालं, शाळा संपली, आता गट कशाला? खरी गरज तिथूनच सुरू होते. मूल 18 वर्षांचं झालं की आईवडील कायद्याने त्याचे पालक राहत नाहीत, हे अनेकांना बँकेच्या खिडकीवर पहिल्यांदा कळतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व यांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 आहे. त्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो. समितीवर नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्तीही असते. पालकत्व मिळालं की सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि पुढे दरवर्षी हिशेबही. प्रत्येकाला हे पालकत्व लागतंच असं मात्र नाही. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा मर्यादित पालकत्वाची, म्हणजे त्या व्यक्तीशी बोलून, विशिष्ट निर्णयापुरती आणि ठरावीक काळासाठी साथ देण्याची वाट दाखवतो. आपल्या घरात यातलं काय लागू पडतं, हे ही वाट चालून आलेल्या पालकाशी बोलल्यावर लवकर उलगडतं. ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजनाही पुष्कळांना अशीच, दुसऱ्या पालकाच्या तोंडून कळते.

आणि ‘आमच्या माघारी याचं कसं?’ हा प्रश्न. 1990 मध्ये काही पालकांनी तो एकत्र बसून विचारला आणि त्यातून ‘आधार’ ही संस्था उभी राहिली. बदलापूरला आणि पुढे नाशिकजवळ प्रौढ बौद्धिक दिव्यांगांसाठी तिची निवासी केंद्रं झाली. एकत्र येण्याचा उपयोग सरकारदरबारीही होतो. राष्ट्रीय न्यासाच्या मंडळावर पालक संघटनांसाठी तीन जागा कायद्यानेच राखल्या आहेत. राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय तर पुण्यातच आहे. तिथे एकट्याने अर्ज घेऊन जाणं आणि तीस पालकांनी मिळून जाणं यात किती फरक पडतो, हे जाऊन आलेल्यांनाच विचारा. गट शोधायचा तर मुलाच्या विशेष शाळेत किंवा बालविकास केंद्रात चौकशी करा, आणि तिथे नसेलच तर थेरपीच्या वेळी बाहेर बाकावर बसलेल्या चार पालकांचे नंबर घ्या.