गुरख्यांच्या हाती तोफ

गुरखा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पहिल्याने उभी राहते ती खुकरी. त्या खुकरीच्या जोडीला रायफल, डोंगरचढणीची सवय आणि निर्भय वृत्ती. हे चित्र खोटे नाही. पण पुरते खरेही नाही. सातव्या गुरखा रायफल्स या पायदळाच्या रेजिमेंटला एके काळी तोफखान्यात बदलण्यात आले होते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. त्या बदलाची हकीकत आज आपण पाहू. तीमधून एक प्रश्न निघतो, तो हा की पलटण म्हणजे नेमके काय? तिचे हत्यार, तिची माणसे, की तिचे नाव?

ही रेजिमेंट १९०२ साली ब्रह्मदेशातील थायेतम्यो येथे उभी राहिली. तिच्यात मुख्यतः पूर्व नेपाळातील राई व लिंबू जवान भरती होत. तिच्या दुसऱ्या पलटणीचे प्राक्तन विलक्षण होते. पहिल्या महायुद्धात इराकातील कुत येथे ती वेढ्यात सापडली आणि एप्रिल १९१६ मध्ये उपासमारीने गांजलेल्या सैन्याबरोबर तिला शरण जावे लागले. पलटण नव्याने उभारण्यात आली. जून १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेतील तोब्रुक पडले, तेव्हा ती पुन्हा कैद झाली आणि पुन्हा उभी राहिली. १९४४ साली इटलीत कासिनोच्या लढाईत याच नावाची पलटण लढत होती. दोनदा माणसे गेली. नाव मात्र गेले नाही.

त्याच वर्षी इंफाळच्या दक्षिणेस निंगथौखोंग येथे पहिल्या पलटणीच्या गंजू लामाने जपानी रणगाड्यांना तोंड दिले. मनगट मोडलेले, हाता-पायांस जखमा, तरीही तो सरपटत पुढे गेला आणि रणगाडाभेदी शस्त्राने दोन रणगाडे निकामी केले. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. गंमत अशी की, हा वीर जन्माने गुरखा नव्हे. तो सिक्कीमचा होता. पलटण त्याला आपला मानीत होती, एवढे पुरे होते.

पुढे १९४७ आले. तेव्हाच्या दहा गुरखा रेजिमेंटांपैकी सहा भारताकडे राहिल्या. दुसरी, सहावी, सातवी व दहावी या चार ब्रिटनकडे गेल्या. जवानांना निवड करावयास सांगण्यात आले. सातवी व दहावी यांतील ज्या अनेकांनी भारत निवडला, त्यांच्यासाठी १ जानेवारी १९४८ रोजी अकरावी गोरखा रायफल्स उभारण्यात आली. गंजू लामाही तिच्यातच आला. एका चुलीवर जेवलेल्या माणसांच्या वाटा अशा वेगळ्या झाल्या.

ब्रिटनकडे गेलेल्यांपुढे दुसरेच वळण होते. मलायामध्ये सर्व शाखांनी युक्त असे गुरखा सैन्य उभारावयाचे, असा वरिष्ठांचा बेत होता. त्यासाठी १९४८ साली सातव्या रेजिमेंटला तोफखान्याचे काम देण्यात आले.

हा बदल किती मोठा, हे समजून घेतले पाहिजे. रायफलधारी शिपाई शत्रू स्वतः पाहतो, स्वतः नेम धरतो. गोलंदाज बहुधा लक्ष्य पाहतच नाही. पुढे बसलेला निरीक्षक बिनतारी यंत्रावरून ठिकाण कळवितो, मागे नकाशा व गणित मांडले जाते आणि सहा माणसे मिळून तोफ चालवितात. त्या काळची २५ पौंडी तोफ सुमारे १२ किलोमीटर मारा करी. एकाचा हिशेब चुकला तर गोळा आपल्याच माणसांवर पडावयाचा. येथे धाडसाइतकाच परस्परांवरील विश्वास मोलाचा. एक धागा मात्र दोन्हीकडे समान आहे. रायफल पलटणी निशाण बाळगीत नाहीत, तोफखानाही नाही. तोफखान्याचे निशाण म्हणजे त्याची तोफच. आपल्या नाशिकजवळच्या देवळालीस तोफखान्याचे विद्यालय आहे. तेथील गोलंदाजही हीच परंपरा मानतात. आणि दसऱ्याला शस्त्र पूजणाऱ्या गुरख्याला हे निराळे समजावून सांगण्याची गरज कशी पडावी?

पण बेत तडीस गेला नाही. जून १९४८ मध्ये मलायात कम्युनिस्टांचा उठाव होऊन आणीबाणी पुकारली गेली. शत्रू घनदाट जंगलात. तेथे तोफेपेक्षा पायी हिंडणारा शिपाई हवा. १९४९ पर्यंत रेजिमेंट पुन्हा पायदळात आली. पुढे १९८२ साली तिची पहिली पलटण फॉकलंडला गेली आणि १९९४ साली हे नाव नव्या रॉयल गुरखा रायफल्समध्ये विलीन झाले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हत्यार बदलले, माणसे कैद झाली, राज्य पालटले, शेवटी नावही मिटले. मग टिकले काय? आम्हांस वाटते, ‘शेजारचा माणूस मला सोडून जाणार नाही’ ही खात्री. रायफल असो वा तोफ, ती खात्री ज्या हातांत असते तेच हात पलटण म्हणविण्यास पात्र ठरतात. सैन्याबाहेर आपणही संस्था काढतो, त्यांना नावे देतो. त्यांच्या फलकाची काळजी आपण घेतोच. या खात्रीची किती घेतो, हे ज्याचे त्याने तपासून पाहावे.